तंबाखूचें झाड आणि विडी वळणारीचें दान

सिन्नरच्या विड्या प्रसिद्ध आहेत. सायखेड्याकडील मंडळ्यांत म्हणून प्रश्न निघतो कीं, विड्या वळून मिळविलेल्या मजुरीचें दान प्रभूच्या थैलींत घ्यावें काय?

कित्येक म्हणतात, हें झाडच सैतानाचें. परंतु उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायांत वनस्पति तिसऱ्या दिवशीं निर्माण झाल्या. त्यांतून तंबाखू वगळल्याचें लिहिलेलें नाहीं. सन 2014 मध्यें लायबेरियांत इबोलाच्या रोग्यांची शुश्रूषा करितांना मिशनरी डॉक्टर केंट ब्रँटली स्वतः आजारी पडले. त्यांस दिलेलें नवें औषध तंबाखूच्याच जातीच्या एका झुडुपाच्या पानांत तयार केलेलें होतें. आणि तो कारखाना सिगारेटवाल्या कंपनीच्याच मालकीचा! ते बरे झाले, मात्र त्या औषधानेंच झाले असें खात्रीनें म्हणवत नाहीं.

हें ऐकून मिशरी लावणाऱ्या भगिनी लागलीच डबी उघडतील! पण तेथें पान केवळ पात्र होतें. शास्त्रज्ञांनीं त्यांत घातलेल्या जनुकांच्या योगें रोगाशीं झगडणारें द्रव्य त्यांत उत्पन्न झालें. मिशरींत तें नाहीं. तोंडाच्या कर्करोगाचें बीज मात्र आहे.

दोष झाडाचा नव्हे, उपयोगाचा. मग वळणारीचा किती? हजार विड्यांमागें ठरलेली मजुरी घेऊन, तंबाखूची धूळ नाकातोंडांत घेत, ती लेंकरांच्या भाकरीसाठीं वळते. तिला दुसरें काम मिळवून देणें मंडळीचें कर्तव्य आहे. तोंवर तिचें दान मी परत करणार नाहीं. आणि उपासना सुटतांच मंदिराच्या दाराशीं विडी पेटविणाऱ्या वडिलांनीं तर या दानाविषयीं बोलूंच नये.