डोंगरावरचा हक्क

ज्या भूमीवर नांगर चालत नाहीं व घर उभें राहत नाहीं, तेथून वाटसरूला हटकण्याचा अधिकार तिच्या धन्याला असावा काय? हा प्रश्न वरवर कायद्याचा दिसला तरी मुळांत तो नीतीचा आहे. उत्तर इंग्लंडांतील डोंगरांनीं त्याचीं दोन उत्तरें पाहिलीं.

पहिलें उत्तर झगड्याचें. पेनाइन डोंगरांच्या दक्षिण भागांतील किंडर स्काउट हें पठार जमीनदारांनीं ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीकरितां राखून ठेविलें होतें. २४ एप्रिल १९३२ रोजीं सुमारें ४०० लोक मनाई मोडून त्यावर चढले. त्यांत मँचेस्टरकडील तरुण कामगार पुष्कळ होते. रखवालदारांशीं झटापट झाली आणि ५ तरुणांना कारावास घडला. पुढें २००० सालच्या कायद्यानें अशा मोकळ्या डोंगरांतून व माळांवरून पायीं हिंडण्याचा हक्क मान्य केला.

दुसरें उत्तर दानाचें. पहिल्या महायुद्धांत कामास आलेल्या सभासदांचें स्मारक म्हणून फेल अँड रॉक क्लायंबिंग क्लबानें लेक डिस्ट्रिक्टमधील ग्रेट गेबल व आसपासचीं शिखरें विकत घेतलीं, आणि १९२३ मध्यें तीं नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवालीं केलीं. मालकी मिळविली ती सोडून देण्यासाठींच!

दोहोंचा आशय एकच: चालणाऱ्याला जमीन नको, वहिवाट हवी. माझ्या चालण्यानें तुमचा डोंगर कमी होत नाहीं, असा या पक्षाचा युक्तिवाद. परंतु तो पुरता खरा नाहीं. हजारों पावलांखालीं गवत मरतें, उघड्या मातींत पावसाचें पाणी घळी पाडतें, आणि मग त्या वाटा दगड बसवून बांधून काढाव्या लागतात. हक्क सर्वांचा झाला कीं झीजही सर्वांच्या माथीं येते.

येथें तेथील मेंढ्यांकडून कांहीं शिकण्याजोगें आहे. हर्डविक जातीच्या मेंढ्या कुंपण नसलेल्या उंच डोंगरांवर चरतात, तरी प्रत्येक कळप बहुधा आपल्याच रानांत राहतो. ती सीमा कोंकराला आईबरोबर चरतां चरतां समजते. २००१ मध्यें लाळखुरकताच्या साथींत पुष्कळ कळप मारावे लागले, तेव्हां मेंढपाळांना धास्ती वाटली ती ही परंपरा तुटण्याची. कारण नव्या मेंढ्यांना ती सीमा कोण शिकविणार?

मनुष्याचेंही तसेंच आहे. कुंपणें काढण्याची मागणी न्याय्य खरी. पण जो समाज आपल्या मुलांना पाऊल कोठें टाकूं नये हें शिकवीत नाहीं, त्याला आज ना उद्यां पुन्हां कुंपणेंच घालावीं लागतील.