पाळीचा न्याय

पटावरील खेळांत दोन प्रकारचे नियम असतात. सोंगटी कशी चालावी, केव्हां मरावी, कोठें पोंचली म्हणजे सुटावी, हे पहिल्या प्रकारचे. आणि कोणीं केव्हां खेळावें, हा दुसऱ्या प्रकारचा. पहिल्यांविषयीं वाद होतात, पुस्तकें लिहिलीं जातात. दुसऱ्याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं, कारण घरांत पट मांडून बसणारांस तो न सांगतांच कळतो. परंतु आज हे खेळ संगणकावर व मोबाइलवर आले असून पाळी राखण्याचें काम यंत्राकडे गेलें आहे. आणि यंत्रास न सांगतां कांहींच कळत नसल्यामुळें तो नियम कोणीतरी शब्दशः लिहून द्यावा लागतो. तो लिहितांना जे प्रश्न उभे राहतात ते वरवर कारागिरीचे दिसले, तरी मुळांत नीतीचे आहेत, असें आम्हांस वाटतें. त्यांचाच थोडा विचार येथें करावयाचा आहे.

उदाहरण घरचेंच घेऊं. अहिल्यानगर जिल्ह्यांतील नेवासें हें प्रवरेच्या कांठचें गांव. ज्ञानेश्वरी तेथें शके १२१२ मध्यें सांगितली गेली. मोक्षपट हा खेळही परंपरा ज्ञानदेवांच्याच नांवावर सांगते. त्यांत शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, व शेवटचें घर मोक्षाचें. आतां ह्या खेळांत खेळणाराचें कर्तृत्व तें किती? दान पडेल तितकीं घरें पुढें जावयाचें. शिडी लागली तर चढावयाचें, साप लागला तर उतरावयाचें. निवडीस जागाच नाहीं. मग जेथें सारेंच दैवाधीन, तो खेळ नीतीचा कसा म्हणावा? आमच्या मतें उत्तर असें, कीं एक गोष्ट मात्र खेळणाराच्या हातीं राहते: आपली पाळी येईपर्यंत थांबणें, आणि ती संपतांच कवड्या शेजाऱ्याच्या हातीं देणें. वरच्या घरापर्यंत जाऊन सापाच्या तोंडीं सांपडलेल्यानें त्या निमूटपणें पुढें द्याव्या, ह्यांत जें शिक्षण आहे, तें शिड्यांवर लिहिलेल्या गुणांच्या नांवांत नाहीं.

यंत्रानें नेमकी हीच एक गोष्ट आपल्याकडे घेतली. पाळी नसतां फांसा टाकणें तेथें शक्यच नाहीं. मग थांबण्यांत पुण्य तें कोणतें? बंद दारापुढें उभ्या राहणाऱ्यास कोणी संयमी म्हणत नाहीं. हा आक्षेप खरा आहे. पण त्यावरून नीतीचा प्रश्न मिटला असें मात्र होत नाहीं. तो खेळणाराच्या हातून निघून नियम लिहिणाराच्या हातीं गेला, इतकेंच.

कसा, तें पाहूं. आपल्या पचिशीवरून इंग्रजांनीं लुडो केला व १८९६ सालीं त्याचें पेटंट घेतलें. तोच खेळ 'लुडो किंग' ह्या नांवानें २०१६ सालीं मोबाइलवर आला, आणि २०२० च्या टाळेबंदींत गांवोगांवीं विखुरलेलीं कुटुंबें त्याच्या पटाभोंवतीं जमूं लागलीं. अशा खेळांत एक आजी आहेत असें समजूं. त्यांस सोंगटी दिसावयास वेळ लागतो. शिवाय अकोल्याच्या डोंगरपट्टींतील त्यांच्या गांवीं संदेशलहरी मधूनमधून तुटतात. त्यांची पाळी आली आणि कांहींच हालचाल झाली नाहीं. यंत्रानें काय करावें? ठरलेले सेकंद मोजून पाळी बुडवावी? त्यांच्या वतीनें स्वतःच खेळून टाकावें? कीं त्या परत येईपर्यंत साऱ्यांस खोळंबून ठेवावें? घरच्या पटावर ह्याचा निकाल "थांबा रे, आजीला पाहूं द्या" एवढ्या चार शब्दांत लागला असता. तेथें नियम आणि दया एकाच माणसाच्या ठायीं होतीं. यंत्रांत केवळ नियम उतरला.

कोणी म्हणेल, पाळीच्या बाबतींत दया दाखविणें हाच अन्याय होय. ह्याच जिल्ह्यांत त्यास बळकट आधार सांपडतो. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ सालीं पुरें झालें. अशा धरणांच्या कालव्यांवर पाणी देण्याची जी शेजपाळीची पद्धत आहे, तींत पाणी शेवटच्या शेतापासून माथ्याकडे येतें. कारण माथ्यावरच्याचें शेत आधींच सोयीच्या जागीं असतें, आणि त्यालाच पहिली पाळी दिली तर शेपटाकडे कांहीं उरत नाहीं. पाळी म्हणजे नुसता क्रम नव्हे. स्थानामुळें आलेली विषमता पुसण्याचें तें साधन आहे. अशा ठिकाणीं मध्यरात्रीं पाळी आली तरी शेतकऱ्यास बांधावर हजर राहावें लागतें. तो झोंपला म्हणून पाणी थांबत नाहीं.

हें सर्व मान्य करूनही आम्ही म्हणतों, कीं दोन्ही प्रसंग सारखे नव्हेत. वाहतें पाणी थांबवितां येत नाहीं, व एकाच्या विलंबाची किंमत दुसऱ्याच्या पिकाला द्यावी लागते. म्हणून तेथें कठोरपणा हाच न्याय. पटावर एकाच्या विलंबानें दुसऱ्याचें जातें तें थोडेंसें धैर्य. जेथें थांबण्यानें कोणाची भाकर जात नाहीं, तेथें कालव्याची शिस्त लादणें म्हणजे न्यायाचें सोंग घेऊन उतावीळपणा करणें होय.

मग काळाला मर्यादाच नसावी काय? असावी; पण ती कशी, हें बुद्धिबळाच्या इतिहासांत पाहावें. लंडनच्या १८६२ च्या स्पर्धेंत वाळूचीं घड्याळें वापरलीं, १८८३ च्या स्पर्धेंत यांत्रिक घड्याळें आलीं. ह्या घड्याळाची रीत अशी, कीं प्रत्येक चालीस वेगळी मुदत न देतां सर्व चालींसाठीं मिळून एक वेळ खेळणाराच्या स्वाधीन करावयाचा. तो त्यानें हवा तेथें खर्चावा. मंद मनुष्यासही त्यांत मान आहे, कारण एका चालींतील विलंब तो दुसरींत भरून काढूं शकतो. दर पाळीस मोजके सेकंद देणाऱ्या यंत्रापेक्षां ही रीत अधिक माणुसकीची आहे, आणि ती लुडोसही लावतां येण्यासारखी आहे.

अनुपस्थिताच्या वतीनें यंत्रानें खेळावें, ह्यास मात्र आमचा स्पष्ट विरोध आहे. वकीलपत्र घेतल्यावांचून कोणी दुसऱ्याच्या नांवें बोलूं नये, हें आपण व्यवहारांत मानतों. आजींनीं आधींच संमति दिली असेल तर गोष्ट निराळी. नाहीं तर पाळी बुडवणें एक वेळ पत्करलें, कारण बुडालेली पाळी निदान त्यांचीच असते. चुकून चाललेली सोंगटी परत घेण्याचेंही तसेंच. ती मुभा यंत्रानें परस्पर देऊं नये, परस्पर नाकारूंही नये. इतरांस विचारावें, आणि तीं "घे मागें" म्हणतील तर घेऊं द्यावी.

ह्या शेवटल्या सूचनेंतच आमच्या म्हणण्याचें सार आहे. क्रम राखणें, दान मोजणें, लबाडी अडविणें हीं कामें यंत्र माणसाहून चांगलीं करतें. तीं त्यानें खुशाल करावीं. परंतु किती थांबावें व कोणास माफ करावें, हें खेळणाऱ्यांनीं डाव मांडण्यापूर्वीं आपसांत ठरवावें, आणि डाव चालू असतां सर्वांच्या संमतीनें बदलतांही यावें. आज्ञावली लिहिणारानें एवढी जागा मोकळी ठेविली, तर कवड्या शेजाऱ्याच्या हातीं देण्याचें तें जुनें शिक्षण कांचेच्या पटावरही मुलांस मिळत राहील. ती ठेविली नाहीं, तर मुलें नियम बिनचूक पाळावयास शिकतील, पण आजीसाठीं थांबावयास त्यांस कोणी शिकविलेलें नसेल.