विलर्डच्या माळ्यावरील पेट्या

न्यूयॉर्क राज्यातील विलर्डच्या वेड्यांच्या इस्पितळाचा १८६९ पासून चाललेला कारभार १९९५ साली आटोपला, तेव्हा दाखल होताना रुग्णांनी बरोबर आणलेल्या चारशेहून अधिक पेट्या त्याच्या माळ्यावर निघाल्या आणि पुढे जॉन क्रिस्पिन यांनी त्यांची छायाचित्रे घेतली. तुरुंगखात्यातून निवृत्त झालेले काका आणि त्यांचा छायाचित्रकार पुतण्या यांच्यात वाद पेटला तो ओसाड कोठड्यांची आणि अशा पेट्यांची छायाचित्रे घ्यावीत का, यावरूनच.

“ज्या कोठडीत माणूस कुजला,” काका म्हणाले, “तिच्या पोपडे धरलेल्या भिंतीवर आपण उन्हाची तिरीप तेवढी पाहावी, हा रसिकपणा मला फुकटचा वाटतो.”

“भिंतींचे मीही सोडून देतो, काका. परंतु कपडे, पत्रे, घरच्यांच्या तसबिरी नीट रचून ज्याने पेटी भरली, त्याला परतायचे होते हे त्या पेटीवाचून दुसरे कोण सांगणार?”

“पण ती उघडायला त्याची संमती होती काय? झडतीत आम्ही मुद्देमालाची फेरिस्त करीत असू, तीवर कैद्याची सही तरी घेत असू!”

“सही करणारा उरलाच नाही, म्हणून पेटी मिटून ठेवावी, तर ती माळ्यावर टाकणाऱ्या खात्याचाच शिरस्ता आपण चालवला असे होईल. तिथल्या दफनभूमीत हजारो रुग्णांच्या थडग्यांवर नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. आणि गोपनीयतेच्या सबबीवर सरकारने क्रिस्पिन यांनाही पूर्ण नावे छापू दिली नाहीत.”

“सबब का म्हणतोस? वेडाचा डाग कुळाला कसा चिकटतो, हे आपल्याकडे सोयरीक जुळवताना तू पाहिले नाहीस काय?”

“फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट कारागृहात, १८२९ पासून, कैद्याला कोठडीबाहेर नेताना डोक्यावर बुरखा घालीत. सुटल्यावर कोणी ओळखू नये, ही दयेची भाषा तेव्हाही होतीच. आज तेथे लोक तिकीट काढून हिंडतात.”

“त्याला इमारतीचा नकाशा कळू नये, हाही त्यात डाव होता, खात्यातला माणूस म्हणून सांगतो. तरीही सुटल्यावर त्याला चाकरी मिळवायची होती, तेव्हा बुरख्याला काही अर्थ होता. मेलेल्याला चाकरी नको असते. म्हणून माझा निवाडा ऐक: रिकाम्या कोठडीचे चित्र कोणाच्या दिवाणखान्यासाठी विकू नकोस, पेटीचे खुशाल घे, परंतु आधी वारस शोध, आणि ते नको म्हणाले तर निमूटपणे पेटी मीट.”

“आणि वारस सापडलेच नाहीत तर?”

“तर दफ्तरातले पूर्ण नाव आडनावासकट छाप. हरकत घ्यायला जो पुढे येईल, त्याला वारस समज.”