मास्तरांचं निष्क्रिय खातं

माणूस गेल्यावर त्याच्या खात्याचं काय होतं, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. नॉमिनी असला तर मृत्यूचा दाखला घ्यायचा. नसला तर वारसांना एकमेकांविषयी काय वाटतं ते तासभर ऐकायचं आणि मग फॉर्म द्यायचा. १० वर्षं कुणी फिरकलंच नाही, तर २०१४ पासून ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका फंडात जाते. तिथूनही वारसाला ती मागता येते. चोख व्यवस्था आहे. पण माणूस पैशांऐवजी चाली ठेवून गेला तर काय करायचं, यावर आमच्याकडे सर्क्युलर नाही.

आमचे पेटीचे मास्तर असेच गेले. मुळशी तालुक्यातल्या आमच्या गावी त्यांनी भजनांच्या साठेक चाली बांधल्या आणि एका लांबट वहीत उतरवल्या. ‘तुम्ही बाबांचे लाडके’ म्हणून त्यांच्या मुलानं ती माझ्या हवाली केली. लाडका कसला! त्याला ट्रंक रिकामी हवी होती. मीही ती माळ्यावर आंबेमोहराच्या पोत्यामागे ठेवली, ती ११ वर्षं. ज्या तालुक्यात १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह करूनही गावंच्या गावं टाटांच्या धरणाखाली गेली, तिथं एक वही माळ्यावर गेली तर कोण विचारतो, अशी मी स्वतःची समजूत घालत असे.

ती समजूत आमच्या चिरंजीवांनी मोडली. त्यांना हल्ली जॅझ आवडतं. त्यांनी सांगितलेली हकिकत अशी : चार्ल्स मिंगस हा अमेरिकन संगीतकार १९७९ साली गेला. ‘एपिटाफ’, म्हणजे थडग्यावरचा लेख, ही त्याची दोन तासांहून मोठी रचना. तिचे काही भाग १९६२ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये वाजवायचा घाट त्यानं घातला होता. पण कार्यक्रम सुरू झाला तरी नकलून घेणारे स्टेजवर बसून नोटेशन उतरवतच होते! (ऑडिटच्या दिवशी लेजर लिहिणाऱ्यांना हे दृश्य परिचित आहे.) कार्यक्रम फसला. त्याच्या मरणानंतर १० वर्षांनी, १९८९ मध्ये, गुंथर शुलर यांनी तीस वादक जमवून ती उभी केली. पुढे मिंगसच्या बायकोनं त्याच्याच रचना वाजवणारा एक ताफा काढला.

“आणि आपल्याकडे?” चिरंजीवांनी विचारलं. मी म्हटलं, अँथनी गोन्साल्विस! तो हसायला लागला. त्याला वाटलं, मी सिनेमाचं गाणं म्हणतोय. तिथंच तर दुखणं आहे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे हे खरेखुरे व्हायोलिनवादक. प्यारेलाल त्यांचे शिष्य. रागदारी आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालणाऱ्या रचना त्यांनी केल्या आणि १९५८ साली मुंबईत त्यासाठी मोठा वाद्यवृंदही जमवला. पुढे ते अमेरिकेला गेले, परतून गोव्यात राहिले, २०१२ साली वारले. शिष्यानं १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचं नाव गाण्यात घातलं आणि ते देशाच्या तोंडी झालं. पण त्यांच्या रचनेचे चार सूर गुणगुणणारा माणूस अजून माझ्या काउंटरवर आलेला नाही. व्याज नियमित जमा, मुद्दल कुणी मागत नाही.

आता यात शिष्याला दोष द्यावा का? मला नाही वाटत. गुरूनं शिकवलेला हात गाण्यागाण्यांतून वाजला, हीसुद्धा फेडच. हा विचार मला फार पटला. पुढे लक्षात आलं, त्यासाठी माळ्यावर चढावं लागत नाही म्हणून तो पटला होता. आणि मी मास्तरांच्या पश्चात पेटीला हात तरी कुठं लावला होता?

तेव्हा चढलो. देवळात आम्ही जुने चौघं-पाचजण जमलो. तबलजी आता कोंबड्या पाळतो, गाणारा तलाठी आहे. सातव्या चालीत अडलो. तिसऱ्या ओळीत मास्तरांनी कोमल गंधार लिहिलेला, आणि आमचे सगळ्यांचे कान शुद्ध मागत होते. तबलजी म्हणाला, “लिहिताना चुकलं असेल. मास्तर असते तर त्यांनीच दुरुस्त केलं असतं.” तलाठी म्हणाला, “मयताच्या नावचा उतारा परस्पर दुरुस्त होत नाही.” मी जॅझचा दाखला दिला : तिथं लिहिलंय तेवढंच वाजवणं हाच गुरूचा अपमान! यावर तबलजीनं, गुरूचा आदर आधी ताल सांभाळून करावा, असं सुचवलं. त्याचा रोख माझ्याकडे होता.

मागे खांबाला टेकून मास्तरांच्या काकू बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “चूक नाही रे ती. तेव्हा पेटीची ती पट्टी अडकत होती, म्हणून शेजारची घेतली.”

तबलजीनं विजयी मुद्रेनं तलाठ्याकडे पाहिलं.

“मग पेटी दुरुस्त झाल्यावर?” मी विचारलं.

“झाली की. वीस वर्षं वाजली नंतर. पण त्यांनी काही ते बदललं नाही. म्हणायचे, आता त्याचीच सवय झाली.”

कुणी काही बोललं नाही. तलाठ्यानं घसा खाकरला, मी भाता ओढला, आणि चाल पुन्हा पहिल्या ओळीपासून घेतली.