उशाशी न बोललेले शब्द



आजाऱ्याला पवित्र तेल लावायला आम्ही घरी जातो, तेव्हा पुष्कळदा मुलगा दारातच हळूच सांगतो, “फादर, पपांना काही कळू देऊ नका.”

वेल्समधील कवी डिलन थॉमस यांचेही असेच झाले. त्यांचे शिक्षक वडील अखेरच्या आजारात होते. त्यांना उद्देशून लिहिलेली कविता १९५१ साली प्रसिद्ध झाली. तिच्या १९ ओळींत दोन ओळी चार-चार वेळा परत येतात. मरणापुढे सहज हार मानू नका, अशी लेकराची विनवणी थांबतच नाही. दुःख असेच तेच तेच बोलते. मात्र ही कविता वडिलांनाच दाखवता येत नाही, असे कवीने पत्रात लिहिले. कारण आपण मरणार हे वडिलांना ठाऊक नव्हते. डिसेंबर १९५२ मध्ये ते वारले.

असे मौन म्हणजे प्रेम की भीती? आपण वडिलांना जपतो असे म्हणतो, पण अनेकदा स्वतःलाच जपत असतो. जाणाऱ्यालाही क्षमा मागायची असते, आशीर्वाद द्यायचा असतो. सत्य कोणावर आदळू नये; पण त्यांनी विचारले, तर खोटेही बोलू नये.

रडणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. लाजरसाच्या कबरेपाशी प्रभू येशूही रडला. गेथशेमानी बागेत त्याने आपली व्याकुळता मित्रांपासून लपवली नाही.

मयताच्या मिस्सानंतर जे बोलणार आहोत, ते आजच उशाशी बसून, हात हातात घेऊन बोलू या.