अंगणाखालची शुचिता

सज्जनहो, गृहस्थाच्या घराची शोभा आपण उंबरठ्याच्या वर पाहतो. सडा, रांगोळी, तुळशीवृंदावन, सारवलेली ओटी. पण ज्या भूमीवर तो सडा पडतो तिच्या दोन हात खाली काय चालले आहे, याची विचारपूस किती जण करतात? आजच्या घराखाली पिण्याच्या पाण्याचा नळ, सांडपाण्याचे गटार, संडासाचा शोषखड्डा आणि कोठे कोठे विजेची केबल, असे चौघे नांदत असतात. चौघांनी एका अंगणात राहावे, परंतु एकमेकांत मिसळू नये. मिसळण्याचा संभव दिसला तर अंगण उकरून त्यांना वेगळे करावे, हा गृहस्थधर्मच होय, असा आमचा सिद्धांत आहे.

शास्त्राने कर्माचे इष्ट आणि पूर्त असे दोन भाग सांगितले. यज्ञयाग ते इष्ट. विहीर, तळे, पाणपोई ते पूर्त. पुष्कळांस वाटते, पूर्त हे धनिकाचे काम. तसे नव्हे. दारी आलेल्याला जो तांब्याभर पाणी देतो, त्याचा नळ हेच त्याचे पूर्त. नाथांच्या वाड्यात श्रीखंड्याने कावडीने रांजण भरला, अशी आपली संप्रदायकथा आहे. आता आपला रांजण नळ भरतो. मग हा आजचा श्रीखंड्या कोणत्या वाटेने येतो, ते पाहायला नको काय?

नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत मोलगी हे गाव आहे. भोवती भिल्ल बांधवांचे पाडे डोंगरांवर विखुरलेले. नदीनाल्याच्या काठी झिरा उकरायचा, वाटीवाटीने पाणी भरायचे आणि हंडा डोक्यावर घेऊन चढण चढायची, हे तेथील मायबहिणींचे पिढ्यान्‌पिढ्यांचे तप. 15 ऑगस्ट 2019 रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली आणि ग्रामीण भागात घरोघरी नळाने माणशी दररोज 55 लिटर पाणी देण्याचा संकल्प सरकारने केला. ज्या मुलखात पाण्याचे मोल असे, तेथे घरी आलेले पाणी अंगणातच नासावे, यापरते दुःख कोणते?

त्या गावी एका यजमानांच्या घरी आमचा मुक्काम होता. आजोबांच्या वेळचा लोखंडी नळ अंगणातून सरळ आलेला. पुढे संडास बांधला, त्याचा शोषखड्डा नेमका त्या नळाच्या कडेला पडला. यजमान म्हणाले, "महाराज, नळाला पाणी येतंय, फरशी परवाच बसवलीय. आता कशाला उकरायचं?" आम्ही म्हटले, "बाबा, पाणी येते हे खरे. पण पाणी जेव्हा येत नाही, तेव्हा त्या नळात काय येते?"

या प्रश्नातच सगळे मर्म आहे. भरलेला नळ फुटका असला तर पाणी बाहेर गळते, आत काही शिरत नाही. परंतु आपल्याकडे नळाला पाणी ठराविक वेळीच सुटते. ते बंद झाले, नळ रिता होऊ लागला, की आतला दाब उतरतो आणि त्याच भोकातून भोवतीची ओल आत ओढली जाते. म्हणून नव्या पाण्याच्या पहिल्या धारेला कधी वास येतो, कधी गढूळपणा दिसतो. आणि पुष्कळदा काहीच दिसत नाही, तरी रोगबीज आलेले असते. त्यात सातपुड्याची भूमी काळ्या पाषाणाची. वर मातीचा थर थोडा, खाली मुरूम आणि भेगाळलेला खडक. माती पाणी गाळते, भेग गाळत नाही. तेव्हा आपल्या खड्ड्यातली घाण शेजाऱ्याच्या विहिरीत जायला फार काळ लागत नाही.

याचा दाखला इतिहासात आहे. 1854 साली लंडन शहरात ब्रॉड स्ट्रीट नावाच्या गल्लीत पटकीने सहाशेहून अधिक माणसे मेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी गल्लीतल्या सार्वजनिक पंपावर बोट ठेवले. तेथील हेन्री व्हाइटहेड नावाच्या तरुण पाद्र्याला ते पटेना. म्हणून तो स्वतः घरोघर फिरून चौकशी करू लागला, आणि चौकशीअंती त्यालाच डॉक्टरांचे म्हणणे मान्य करावे लागले. पंपाशेजारच्या एका घरात तान्हे मूल आजारी होऊन वारले होते. त्याच्या दुपट्यांचे धुणे घरच्या खड्ड्यात ओतले जात असे. तो खड्डा उकरला तेव्हा विटा ढिल्या झालेल्या आढळल्या, आणि विहीर तेथून तीन फुटांच्याही आत! त्या माउलीने कोणाचे वाईट चिंतिले होते? पण जमिनीखालची ढिली वीट हेतू पाहत नाही. आपल्याकडेही 2012 साली इचलकरंजीत दूषित पाण्याने काविळीची मोठी साथ येऊन गेली.

तर मग करावे कसे? जुना नळ जागच्या जागी बदलून भागत नाही, वाट बदलावी. पाण्याची वाट शोषखड्ड्यापासून व गटारापासून होईल तितकी दूर, निदान दहा फूट असावी. गटार ओलांडणे अटळच असेल तर पाणी वर आणि गटार खाली, मध्ये दीड फूट अंतर, आणि त्या जागी नळाला सांधा नको. केबलचा चर निराळा, सुमारे अडीच फूट खोल. खाली-वर वाळू, वर विटांची ओळ, म्हणजे उद्या कुदळ मारणारा सावध होईल. खोदण्यापूर्वी वीज बंद करवून घ्यावी, आणि केबलजवळ यंत्र न लावता हाताने उकरावे. मजुराचा जीव आपल्या घाईपेक्षा मोठा आहे. नवा नळ पाण्याने भरून सांधे तपासल्याखेरीज माती लोटू नये. मग क्लोरीनचे पाणी एक अहोरात्र आत ठेवून तो धुऊन काढावा. जुना नळ मुळाशी तोडून बंद करावा; अर्धवट जोडलेला राहिला तर त्यात पाणी कुजते. शेवटी कोणती वाट कोठून गेली याचा नकाशा काढून घराच्या कागदपत्रांत ठेवावा. मुलाबाळांना शेतीचा सातबारा देता, तसा हाही द्यावा.

सज्जनहो, नळाचा हा दृष्टांत मनालाही लागतो. भरलेल्या मनात बाहेरचे सहसा शिरत नाही. रिते मन शेजारची घाण ओढून घेते. म्हणून नामाने ते भरलेले ठेवावे आणि संगतीची वाटही बदलावी. पण दृष्टांतात रमून मूळ काम विसरू नका हो! मन शुद्ध आहे म्हणून नळ शुद्ध होत नाही. वारीच्या वाटेवर शेकडो घरे दिंडीला पाणी पाजतात. थकला वारकरी तांब्या तोंडाला लावताना काही विचारीत नाही. तो विश्वासाने पितो. त्या विश्वासाला पात्र होण्यासाठी चार फरश्या उखडाव्या लागल्या, तर त्या आनंदाने उखडाव्या. मोलगीच्या यजमानांना आम्ही एवढेच सांगितले, "फरशी पुन्हा बसते; पोटचे पोर दगावले तर पुन्हा येत नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः दोरी धरून भिंतीच्या कडेने नव्या चराची आखणी केली.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!