जुना पत्रा, नवा पत्रा

मोडकळीस आलेली जुनी शर्यतीची मोटार घरच्या शेडमध्ये वर्षानुवर्षे खपून पुन्हा उभी करणारे हौशी लोक इंग्लंडात पुष्कळ आहेत. ही केवळ श्रीमंतांची चैन, असे म्हणून आपण सोडून देऊ. परंतु तीत एक अवघड नैतिक प्रश्न आहे. दुरुस्त करताना मूळचे किती टाकून द्यावे? आणि जे टाकले ते सांगावे की झाकावे?

जॅग्वार कंपनीने १९४८ साली लंडनच्या प्रदर्शनात एक्सके १२० ही मोटार मांडली. आरंभीच्या सुमारे २४० गाड्यांची बॉडी लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे बसवून घडविलेली होती. १९५० पासून पोलादी पत्रा आला. त्या पहिल्या गाड्यांपैकी एखादीचे फाटके मडगार्ड हाती आले की नवशिक्याची परीक्षा सुरू होते. ॲल्युमिनियम ठोकता ठोकता ताठर होत जाते आणि तरीही ठोकत राहिल्यास चिरते. म्हणून ते मधूनमधून तापवून मऊ करावे लागते. पण हा धातू लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही. ६६० अंशांच्या सुमारास एकाएकी वितळून गळतो. जुन्या कारागिरांची युक्ती साधी आहे. पत्र्यावर साबण चोळावा, आणि तो काळा पडला की ज्योत दूर करावी. मग वाळूच्या पिशवीवर लाकडी हातोड्याने गोलाई आणावी. शिकाऊ हाताचे पहिले पत्रे बहुधा भंगारातच जातात.

त्यापेक्षा नवा पत्रा सोपा, आणि दिसायलाही निर्दोष. मग जुन्याशी झटावे कशाला?

१९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयापुढे असाच वाद आला. ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटली मोटारीने १९२९ व १९३० साली ल मांची शर्यत जिंकली होती. तिचा १ कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणारा म्हणाला, ही ती गाडी नव्हेच. १९२९ चे तिच्यात जवळजवळ काहीच उरले नव्हते, हे खरे निघाले. तरीही न्यायमूर्ती ऑटन यांनी ते नाव तिचेच ठरविले. कारण बदल टप्प्याटप्प्याने झाले होते आणि तिचा इतिहास कोठे तुटला नव्हता. मला हा निर्णय पटतो. मात्र त्याच्या आडून कोणी उद्या एका दिवसात सगळेच पत्रे बदलील, तर ते पटणार नाही.

नव्या कराराच्या भाषांतरात ‘कातार्तिझो’ हे ग्रीक क्रियापद मला नेहमी अडवते. याकोब व योहान तारवात जाळी नीट करतात तेथे मार्काने ते योजिले आहे. अपराधात सापडलेल्या माणसाला सावरण्याविषयी पौल गलतीकरांस लिहितो तेथेही तेच आहे. मराठीत दोन्हींकडे एक शब्द बसत नाही, याची मला खंत वाटते. नीट केलेल्या जाळ्यात नवी गाठ दिसते, आणि ती लपविण्याचे कोळ्याला काही कारण नसते.

मोटारवाल्याला मात्र असते. मडगार्डच्या आतला जोड घासून रंगविला की कोणालाच दिसत नाही, आणि मूळ पत्र्याची किंमत नव्याहून फार मोठी. गिऱ्हाईक दारात उभे राहून विचारते, “हे सगळे मूळचेच ना?”